ब्रेकचा हात

उमरग्यात खोली शोधत फिरताना मला पहिल्या तिन्ही घरमालकांनी आडनाव विचारलं. चौथ्यानं चप्पल बघितली.

पहिल्या तिघांचं मला काही नवीन नव्हतं. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची, नाहीतर गावाकडून पुतण्या शिकायला यायचा असायचा. दवाखान्यात नर्सची नोकरी मिळाली होती, डॉक्टरीणबाईंनी तात्पुरतं त्यांच्या ओसरीवर झोपू दिलं होतं, आणि मी सायकल घेऊन गल्लोगल्ली हिंडत होते. त्या दिवशी तर इतकी चिडले होते की पुढचा जो कोणी आडनाव विचारेल त्याला चार शब्द सुनवायचेच असं ठरवून निघाले होते. चौथ्या दारात लेंगा-बनियनवर, डोक्याला जाळीची टोपी घातलेला एक उंच किडकिडीत म्हातारा फवारणीचा पंप मांडीवर घेऊन बसला होता. खोली आहे का, असं विचारलं तर म्हणाला, "हाय की. पर आधी सांगा सिस्टर, सायकल थांबवता कशी?"

मी म्हटलं, ब्रेकनं. त्यानं माझ्या डाव्या चपलेच्या अंगठ्याकडं बोट केलं. तिथं चप्पल घासून घासून कागदासारखी झाली होती.

"ब्रेक सायकलीत न्हाय, चपलेत हाय," तो म्हणाला. "आणा इकडं."

खोली दाखवायच्या आधी त्यानं ब्रेकचे रबर बदलले, तारा ओढून बसवल्या आणि मला गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला लावलं. मी परत येऊन बरोबर त्याच्या पायापाशी थांबले, तेव्हा मान डोलावली आणि किल्ली हातात दिली. सुनवायचे चार शब्द माझ्या तोंडातच राहिले. आता माझाच जीव राहिना. उद्या कळून तमाशा नको, म्हणून मीच सांगून टाकलं, की आम्ही बौद्ध आहोत, भिंतीवर बुद्धाचा फोटो लावणार आहे. तो पंपाच्या नळीत फुंकर मारत होता. फुंकर पुरी करून म्हणाला, "लावा की. खिळा तेवढा बेतानं ठोका, भित मातीची हाय."

त्या एका वाक्यावर मी त्या घरात कैक वर्षं काढली. आजही कुणी माणुसकीवर भाषण करायला लागलं की मला ती मातीची भिंत आठवते.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान हैदराबादच्या रस्त्याला लागून होतं. आसपासच्या गावांतल्या सोसायट्यांचे फवारणीचे पंप त्यांच्याकडंच यायचे. पण त्यांचं लक्ष पंपांपेक्षा रस्त्यावर जास्त. सोलापूरकडून ट्रक आला की हातातला पान्हा तसाच धरून ते ऐकत राहायचे आणि ट्रक दिसेनासा झाल्यावर निकाल द्यायचे, "ह्याच्या ब्रेकचं लायनर गेलंय." कधीकधी तर ड्रायव्हर चहाला थांबलेला बघून त्याला जाऊन सांगायचे. बहुतेक ड्रायव्हर शिव्या द्यायचे. एक-दोघांनी मात्र पुढच्या खेपेला पेढे आणून दिल्याचं मी पाहिलं आहे.

जगात पळवणारे लई, थांबवणारे थोडे, हे त्यांचं तत्त्वज्ञान. माणूस ओळखायचा तो ब्रेकवरून. कुणी चांगलं म्हणो, वाईट म्हणो, चाचांनी त्याला सायकलवरून उतरताना पाहिलेलं नसेल तर ते मत देत नसत. थांबणाऱ्यांच्या त्यांनी दोन जाती केल्या होत्या. एक जोराचे, म्हणजे उशिरा दाबतील पण दाबलं की जागच्या जागी. दुसरे चपळ, म्हणजे लगेच दाबतील पण जोर नसल्यानं घसरत जातील. मी चपळ होते. चाची जोराच्या. सोसायटीचे चेअरमन तिसऱ्याच जातीचे. ते एकदा जीपमधून दुकानासमोर उतरले आणि दुष्काळावर बोलायला लागले ते थांबेचनात. चाचांनी अदबीनं त्यांच्यासाठी खुर्ची पुसली आणि सांगितलं, की साहेब, जीपला ब्रेक चांगला हाय, तुमच्या बोलण्याला बसवून घ्या. चेअरमन माणूस मोठा दिलदार. स्वतःच ही गोष्ट गावभर सांगत फिरायचे, आणि तीसुद्धा त्यांना आटोपती घेता यायची नाही.

पुतणीला पाहायला आलेल्या मुलाचीही त्यांनी अशीच परीक्षा घेतली. जेवणं झाल्यावर त्याला सायकल दिली आणि हमरस्त्यापर्यंत जाऊन दारात थांब म्हणाले. तो बिचारा नव्या कपड्यांत घामाघूम होऊन आला आणि दार ओलांडून पार शेजारच्या ओट्यावर चढला. चाचांनी तिथल्या तिथं नकार दिला. चाचींनी तो फिरवला आणि लग्न लावून दिलं. पुतणीचा संसार झकास झाला. चाचांना हे ऐकवलं की म्हणायचे, "ब्रेक तिनं मागनं बसवला."

चाची ठेंगण्या, गोऱ्या आणि बोलायला कमी. घरात दोघं दखनी बोलायची. पण भांडण गल्लीला ऐकू जावं असं वाटलं की चाची मराठीत यायच्या. त्यामुळं त्यांनी मराठीत "अवो" म्हटलं की चाचा आधी उठून उभे राहायचे आणि मग काय झालं ते विचारायचे. चाचींची एक जुनी तक्रार होती. स्वयंपाकघराचं दार आपोआप मिटत नसे, आणि शेळी आत येऊन भाकरी खाऊन जायची. दाराला एक स्प्रिंग बसवा, एवढंच त्यांचं मागणं. लोकांचे पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या दाराला हात लावायला सवड नव्हती. लग्नापासूनचं मागणं आहे, असं चाची म्हणायच्या. तोवर शेळ्यांच्या पिढ्या बदलल्या होत्या.

तर अशा ह्या माणसाच्या हातात रेडिओवर चालणारी गाडी पडली.

त्यांचा भाचा सौदीला ड्रायव्हर होता. तो सुट्टीवर येताना मुलांसाठी एक खेळण्यातली मोटार घेऊन आला. हातात एरियलवाली पेटी धरायची, तिच्यावरच्या काड्या हलवायच्या, की लांबवरची मोटार वळते, पळते. मोटारीच्या पोटात रेडिओचं ऐकणारी एक डबी, आणि तिच्या हुकमातल्या काड्यापेटीएवढ्या आणखी दोन. त्यांना सर्व्हो म्हणतात. पेटीवरची काडी जेवढी वळवावी तेवढीच सर्व्होची इवलीशी दांडी वळते. चाचांनी ऐकणाऱ्या डबीला 'कान' म्हणायला सुरुवात केली आणि सर्व्होंना 'हात'. मुलांची मोटार दोन दिवसांत त्यांनी खोलून टाकली. मग पोरांना लाडू देऊन गप्प केलं आणि जाहीर केलं, की हे सामान खेळण्यात वाया जातंय, आपण मोठी गाडी बांधू.

त्या साली पाऊस नव्हता. फवारायला पीकच नाही, मग पंप कोण दुरुस्त करणार? दुकानात नुसती धूळ यायची. सोसायटीनं इंजिनवर चालणारा एक मोडका फवारणी पंप लिलावात काढला, आणि वार्षिक सभेत बोली बोलायला चाचा एकटेच उभे राहिले. चेअरमननी विचारलं, इंजिन कशाला पाहिजे?

"गाडी करायचीय."

"वा! किती माणसं बसतील?"

"एक बी न्हाय."

दुष्काळावरच्या ठरावांनी मरगळलेली ती सभा पहिल्यांदाच खळखळून हसली, आणि पंप एकमतानं चाचांना मिळाला. पुढं गावानं त्या गाडीला बरंच काही दिलं. चाकं कुणाच्या तरी मोडक्या तीनचाकीची, अंग गोडेतेलाच्या डब्याचं, ब्रेक घासायला ट्रकच्या लायनरचे तुकडे. आणि ब्रेकची चकती म्हणजे चाचींच्या माहेरच्या स्टीलच्या ताटाचा मधला गोल. चाचींना हे ताटाचा नुसता काठ हाताला लागला तेव्हा कळलं. त्या दिवशी सबंध गल्लीनं मराठी ऐकलं.

गाडी तयार झाली ती पाळण्याएवढी लांब आणि भरल्या घागरीएवढी जड. एक हात चाकं वळवायला, एक हात इंजिनाला. ब्रेकसाठी तिसरा हात जोडायची सोय कानात होती, पण हात नव्हता. भाच्याकडं विचारणा झाली. त्यानं कळवलं, इथल्या दुकानात दोन जाती मिळतात. एक झटकन फिरते पण जोर कमी, दुसरी जोराची पण सावकाश. किंमत भारी, एकच आणीन, कुठली ते सांगा.

चाचांच्या दोन जाती दुकानात विकत मिळतात हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला तो काय वर्णावा! त्यानंतर उमरग्यात एकच विषय. जोर आधी का चपळाई आधी? हमरस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात ड्रायव्हरांच्या दोन फळ्या पडल्या. माल भरलेले जोराच्या बाजूचे, मोकळे निघालेले चपळाईच्या. डॉक्टरीणबाई चपळाई म्हणाल्या. एका बैलगाडीवाल्यानं बैल चांगले बघा म्हणून सांगितलं. मला रोज नव्यानं विचारलं जायचं आणि मी मुद्दाम रोज वेगळं उत्तर द्यायचे. चाचींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, जो वक्तावर थांबवंल तो आणा, आणि येताना दाराला स्प्रिंग आणा.

शेवटी चाचांनी वादाचा निकाल तराजूनं लावला. गाडी हॉटेलच्या बाकावर उपडी घातली, ब्रेकच्या दांडीला किराणा दुकानातलं पारडं टांगलं आणि त्यात एकेक वजन टाकत गेले. प्रत्येक वजनाला एकेका ड्रायव्हरनं चाक फिरवून बघायचं. चाक हटेना झालं तेव्हा पारड्यात इतकी वजनं होती की चपळाईची फळी आपणहून उठली आणि चहाचे पैसे द्यायला गेली. जोराचा हात ठरला. पुढच्या सुट्टीत भाच्यानं तो आणला.

दुकानात त्या हातानं अशी कमाल केली, की काडी ओढावी आणि ताटाची चकती जागच्या जागी आवळली जावी. चाचा मला दवाखान्यातून बोलवून घ्यायचे, नुसतं ते बघायला. पेशंट सोडून मी जायचे, खोटं कशाला बोलू.

आता गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली त्या दिवसाबद्दल. गल्लीच्या पटांगणात पाण्याचा टँकर यायचा. यायची वेळ ठरलेली नसे, म्हणून बायका पहाटेपासून घागरी, हंडे, डेरे रांगेत लावून बसायच्या. त्या दिवशी टँकर आला, पाणी भरून झालं, आणि भरल्या घागरी उचलून न्यायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. माझीही त्यात होती. एवढी माणसं आयती जमलेली पाहून चाचांना राहवेना. त्यांनी गाडी आणली, दोरी ओढून इंजिन चालू केलं आणि पटांगणाला एक वळसा घातला. बायका कौतुकानं हसल्या. दुसऱ्या वळशाला गाडी रांगेकडं वळली. चाचांनी ऐटीत, सगळ्यांना दिसेल अशी, ब्रेकची काडी ओढली.

गाडी थांबली नाही. त्यांनी आणखी ओढली. गाडी आणखीच बेभान झाली. ती भरल्या रांगेत घुसली, मातीचे डेरे फोडत, तांब्याच्या घागरी लोळवत पार शेवटपर्यंत गेली आणि भिंतीला तोंड लावून गुरगुरत राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पाणी सगळं मातीत गेलं, आणि दुष्काळातली माती ते डोळ्यांदेखत पिऊन मोकळी झाली. माझ्या घागरीला पोचा आला. शेजारच्या आक्कांचा नवा डेरा फुटला. आक्का अक्कलकोटकडच्या, रागावल्या आणि घाबरल्या की कानडीत शिरायच्या. त्या दिवशी त्यांनी कानडीत जे काही म्हटलं त्याचा अर्थ कुणाला विचारायची गरज पडली नाही. मीही चिडले होते. पहाटेपासून बसून भरलेलं पाणी होतं ते.

चाचींची घागर रांगेत पहिली होती. त्यांनी जाऊन इंजिन बंद केलं, गाडी कंबरेवर घेतली, सगळ्या बायकांकडं वळल्या आणि मराठीत बोलल्या. "ही गाडी माज्या पायापाशी आपसूक थांबंल, तवाच परत भाईर निगंल. म्या स्वता फुडं उभी ऱ्हाईन. आक्का, तुमी साक्षी."

आक्कांनी मान हलवली. चाचांनी खाली मान घातली. गाडी चाचींच्या लोखंडी पेटीत कुलपात गेली.

चाचांनी त्यानंतर काय केलं, तर सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधले आणि लांबच्या एका मळ्यातल्या बोअरवरून ज्याचं जेवढं सांडलं होतं तेवढं पाणी ज्याच्या त्याच्या दारात आणून ओतलं. माझी घागर पोचा काढून परत दिली. आक्कांना नवा डेरा आणला. पण चाचांच्या तोंडावरचं हसू गेलं ते गेलंच. चूक त्यांना लगेच सापडली होती. जोराचा हात खातोही जास्त. गाडीतले चार सेल हाताला आणि कानाला मिळून होते. हातानं जोर काढायला मोठा घास घेतला की कान उपाशी, आणि मग पेटी कितीही बोंबलो, ऐकणार कोण? जितका ब्रेक दाबावा तितकी गाडी बहिरी. कानाचे सेल वेगळे केले की झालं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "आज सेल, उद्या तार तुटंल, परवा आणि काई. बायांना म्या कोणत्या तोंडानं सांगू, की आता न्हाय व्हणार?"

दुकानासमोरून ट्रक जायचे आणि ते मान वर करायचे नाहीत. सगळ्यात मला लागलं ते हे, की संध्याकाळी मी सायकलवरून दारात येऊन थांबायचे तेव्हा ते माझ्या चाकाकडं बघतसुद्धा नसत. आल्या दिवसापासून रोज माझा ब्रेक बघणारा माणूस. घरात बाप गप्प झाल्यासारखं वाटायचं मला.

आणि मग शेळीनं कहर केला. पाहुण्यांसाठी केलेल्या भाकऱ्यांची अख्खी चळत खाल्ली. चाची नुसत्या येऊन चाचांच्या समोर बसल्या. चाचा उठले, दुकानातून एका जुन्या पंपाची स्प्रिंग आणली आणि इतक्या वर्षांनी स्वयंपाकघराच्या दाराला बसवली. दार ढकललं, सोडलं. खाडकन मिटलं. परत ढकललं, सोडलं. परत मिटलं. मी खोलीच्या उंबऱ्यात भाजी निवडत होते. दार उघडतंय आणि मिटतंय, उघडतंय आणि मिटतंय, आणि चाचा त्याच्याकडं डोळे फाडून बघतायत. आत चाचींना वाटलं शेळीच आली. त्या लाटणं घेऊन बाहेर आल्या.

"बेटी," चाचा मला म्हणाले, "हे दार मिटायला कोण लागतंय?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"अन् उगडं धरायला?"

मी म्हटलं, माणूस लागतो.

"मंग म्या उलटं काम सांगितलं की त्याला!" असं म्हणून त्यांनी चाचींच्या हातातलं लाटणं घेतलं, दार त्या लाटण्यानं उघडं धरलं, काढलं, आणि दार मिटल्यावर ते लाटणं घेऊनच दुकानाकडं धावत सुटले.

पुढं त्यांनी मला शांतपणं समजावून सांगितलं. हाताची निवड बरोबर होती, काम चुकीचं दिलं होतं. ब्रेक आवळायचं काम स्प्रिंगनं करायचं, कायम. जोराच्या हातानं फक्त तो ब्रेक उघडा धरून ठेवायचा, गाडी पळत असेल तोवर. सेल संपले, तार तुटली, कान बहिरा झाला, काहीही झालं तरी हात ढिला पडणार, आणि हात ढिला पडला की दार मिटणार. इंजिनालाही तशीच एक स्प्रिंग, म्हणजे तेही आपोआप मंद. आणि कानाची भाकर वेगळी, हाताची वेगळी, हे तर केलंच. ड्रायव्हर मंडळी परत जमली, परत पारडं टांगलं गेलं. ह्या खेपेला स्प्रिंगचा जोर मोजायला. चाचींनी पेटीचं कुलूप काढून गाडी दिली, पण एवढंच म्हणाल्या, की शब्द दिलाय तो दिलाय, पुढं मी उभी राहणार.

परीक्षा पाझर तलावात झाली. तलाव कोरडा ठणठणीत, गाळ शेतकऱ्यांनी काढून शेतात नेलेला, त्यामुळं तळाचा मुरूम उघडा पडून एखाद्या खळ्यासारखा सपाट झाला होता. उन्हं उतरल्यावर गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या, पाठोपाठ ड्रायव्हर आले, चेअरमन जीपमधून आले आणि बोलायला लागणार तेवढ्यात आक्कांनी त्यांना बसवलं. भुईमुगाच्या शेंगा कुणीतरी आणल्या होत्या. इतकं वाईट साल, पण त्या तळ्याच्या पोटात त्या संध्याकाळी जत्रा भरली होती.

ठरलं ते असं. चाचा लांबून गाडी सोडणार, सरळ चाचींवर. वाटेत आक्का सांगतील तेव्हा हातातली पेटी बंद करायची. ब्रेकची काडी ओढायची नाही, काही नाही, पेटीच बंद. मग गाडी थांबली तर थांबली. चाचा कबूल झाले, पण चाचींच्या जागी पोतं उभं करू या म्हणून सारखे विनवत होते. चाचींनी पदर खोचला आणि तलावाच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

इंजिन चालू झालं. गाडी निघाली, वेग घेत गेली, मागं लाल धूळ. मी आक्कांच्या शेजारी होते, आक्कांचा हात माझ्या दंडात रुतला होता. गाडी अर्धी वाट ओलांडून गेली तरी आक्का काही बोलेनात. मी त्यांना हलवलं तेव्हा त्या दचकून ओरडल्या, "निल्सरी! निल्सरी!" थांबवा म्हणून, कानडीत, पण चाचांना पुरेसं होतं. त्यांनी पेटी बंद केली आणि दोन्ही हात वर केले, सगळ्यांना दिसावेत म्हणून.

गाडी तशीच चाचींकडं जात होती असं मला वाटलं. मग इंजिनाचा आवाज पडला, चाकं करकचली, मुरूम उडाला आणि धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा गाडी चाचींच्या पायापासून वीतभर अलीकडं उभी होती. चाची तसूभरही हलल्या नव्हत्या. त्यांनी उजवा पाय उचलून गोडेतेलाच्या डब्यावर ठेवला.

तळ्यात जो गलका झाला तो पार मुरूम गावापर्यंत गेला असेल. चाचा धावत गेले. ते काही बोलायच्या आत चाचींनी हात पुढं केला. "पेटी आणा इकडं."

त्यांनी दिली.

"आता तुमी उभं ऱ्हावा."

चाचा हसले. हसत हसत, छाती काढून, चाचींच्या जागेवर जाऊन उभे राहिले. बनवणारेच ते, त्यांना कसली भीती? ड्रायव्हरांनी गाडी परत लांब नेऊन ठेवली आणि मी चाचींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. चाचींनी जन्मात पहिल्यांदा पेटी हातात धरली होती. गाडी निघाली ती नागमोडी, कधी आक्कांकडं, कधी चेअरमनांकडं, चेअरमन जीपवर चढले. मग कशी कोण जाणे ती सरळ झाली आणि चाचांवर चालून निघाली. चाचींनी वेळेवर पेटी बंद केली, मी शेजारीच होते. पण चाचा गाडीकडं बघत होते. स्प्रिंग त्यांची, लायनर त्यांचं, पारड्यात वजनं टाकून मोजलेला जोर त्यांचा. गाडी जवळ आली आणि त्या सगळ्याचा कर्ता करविता एखाद्या पोरासारखा टुणकन बाजूला उडाला. टोपी तिथंच पडली. गाडी बरोबर टोपीपुढं येऊन थांबली.

आक्का हसता हसता खाली बसल्या. मीही बसले. बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि एकमेकींच्या पाठीवर थापा मारत त्या हसत राहिल्या. चाचांनी टोपीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि टोपी झटकून डोक्यावर ठेवत निकाल दिला.

"ब्रेक पक्का हाय. मानूसच कच्चा निगाला."

परत येताना चाचा पुढं गाडी खांद्यावर घेऊन चालले होते, ड्रायव्हर त्यांच्या भोवती. मी चाचींबरोबर मागं होते. तुम्हाला भीती वाटली नाही का, असं मी विचारलं.

"लई वाटली," चाची म्हणाल्या. "डोळे उगडे व्हते, पर दिसत काईच नव्हतं."

मग हटला का नाहीत?

त्यांनी पुढं चाललेल्या नवऱ्याकडं हनुवटी केली. "म्या हटले असते, तर बायांनी परत गाडी काढू दिली असती व्हय? अन् गाडी न्हाय तर ह्यो मानूस काय करंल? घरातल्या एकेका दाराला स्प्रिंगा बसवत बसंल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी आले, तर चाचा गल्लीत उभे. कमरेवर हात, नजर माझ्या पुढच्या चाकावर. मला इतका आनंद झाला, की ब्रेक सोडून दिला आणि मुद्दाम, चांगली करकरा चप्पल घासत त्यांच्या पायापाशी जाऊन थांबले. ते माझ्यावर जे ओरडायला लागले ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, आणि आतून स्वयंपाकघराचं दार ढकलून चाची हसत बाहेर आल्या.